कंसातल्या शेळ्या

आक्का, नमस्कार. मी कळंब तालुक्यातला. यंदा इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली. १ जुलैला रुजू व्हायचंय, हातात सव्वीस हजार येतील. त्याआधी जूनमध्ये आमचे चौघे मित्र लडाखला चाललेत. माणशी पन्नास हजार. एकदा नोकरी सुरू झाली की अशी सुट्टी परत मिळत नाही, हे सगळेच सांगतात. बाबांकडं मागायची सोय नाही, पेरणी तोंडावर आहे. एका ॲपवर महिना दोन टक्क्यांनी पन्नास हजार मंजूर दाखवतंय. दुसरीकडं ताई तिच्या बचत गटातून काढून देते म्हणते, महिना एक टक्क्यानं (शेळ्यांसाठी म्हणून ठराव झालाय, गुरुवारी पैसे मिळतील). हप्ते मीच भरणार आहे. कर्ज काढून फिरायला जाणं चूक आहे का? आणि काढायचंच तर कुठून काढू?

*

लेकरा, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. सगळं पत्र लडाखचं, ॲपचं आणि सुट्टीचं. शेळ्यांना तू मोजून सात शब्द दिलेस आणि तेही कंसात कोंडून.

आधी तू विचारलंस ते उरकते. कर्ज काढून फिरणं पाप नाही. माणसं कर्ज काढून जावळं करतात, तू डोंगर बघायला निघालास. पण १ जुलैला रुजू होणाऱ्याचा पहिला पगार जुलैअखेरी येतो. तोवर खोलीचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे कुठून येणार, याचा पत्रात पत्ता नाही. ॲपवर शुल्क धरून वर्षाची टक्केवारी किती पडते ते शोध, ती दाखवणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. बारा महिन्यांच्या मुदतीनं ॲपचा हप्ता ४,७३० रुपयांच्या आसपास बसतो आणि गटाचा ४,४४० च्या. फरक महिन्याला तीनशेसुद्धा नाही, वर्षाकाठी साडेतीन हजारांच्या आत. शुल्काचे हजार-दीड हजार वर धर. एवढ्यासाठी तुम्ही दोघा बहीणभावंडांनी चार शेळ्या जन्माला घातल्या!

तू गटाची बैठक कधी पाहिली नसशील. मी पुष्कळ बैठकांना बसलेय. सतरंजी आणि पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. कर्ज मागणारीनं सगळ्यांपुढं कारण सांगायचं असतं आणि ते वहीत उतरतं. दवाखाना, शिलाई मशीन, पोराची फी, बी-बियाणं. मग दहा-बारा जणी बोलतात, कुणी नाक मुरडते, कुणी म्हणते तिला आधी द्या, माझं पुढच्या महिन्यात बघू. बँक अशा गटाला वीस लाखांपर्यंत कर्ज देते आणि तारण म्हणून ना शेत मागते ना दागिना. कशाच्या भरवशावर? त्या वहीच्या. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा, नाही भरला तर सगळ्या गटाचं पुढचं कर्ज अडतं.

आणि दिवस कुठले ते बघ. मे सरत आलाय. सोयाबीनचं बी, खताची पोती, पोरांच्या वह्या-दप्तरं, सगळं एकाच पंधरवड्यात येतं. मृगाच्या तोंडावर गटात रुपया मोकळा नसतो. तरी त्या बायकांनी पन्नास हजार तुझ्या ताईकडं सरकू दिले. कुणीतरी आपली गरज मागं घेतली असणार. का? तर ताई शेळ्या म्हणाली म्हणून. आपल्या जिल्ह्यात शेळीला नाही कोण म्हणेल? उस्मानाबादी जात इथलीच. कमी पाण्यावर, काट्याकुट्यावर निभते, गाभण राहिली की पाच महिन्यांत विते, जुळी करडं तर नेहमीचीच. जूनमध्ये गाभण राहिलेली शेळी दिवाळीच्या सुमाराला अंगण भरून टाकते. अडीनडीला एक करडू विकलं की दवाखाना भागतो, नवऱ्यापुढं हात पसरावा लागत नाही. हे त्या प्रत्येकीला पाठ आहे.

पण गावात अंगण लपत नाही रे बाबा. आठ दिवसांत कुणीतरी विचारणारच, शेळ्या कुठंयत गं? मग काय सांगायचं? आजारी पडल्या? मेल्या? चारही? विमा काढा म्हणाल्या तर शेळीच्या कानात बिल्ला मारतात. बिल्ला कुणाच्या कानात मारायचा, तुझ्या? रस्त्यात गाठून दाजींना विचारतील आणि दाजी तोंडाकडं बघत राहतील. तू तेव्हा लडाखात पँगाँग तळ्याच्या काठावर फोटो काढत असशील. तो स्टेटसला लावशील आणि गटातल्या कुणाची तरी लेक तो बघेल.

ताईला मी पाठीशी घालणार नाही. भावावर तिचा जीव आहे, मान्य. जीव तिचा आहे, पैसे मात्र दहा-बारा जणींचे आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून ती खोटं बोललीय. तुला ते लाडाचं वाटत असेल. मला राग आला.

राग आला, पण मग झोप काही येईना. सारखं मनात यायचं, शेळ्याच का? ती दवाखाना म्हणाली असती, कुणी फाइल मागितली नसती. शिलाई मशीन म्हणाली असती, ते तर आतल्या खोलीत असतं, कोण बघायला जातंय? लपवायला सगळ्यात अवघड, दिवसभर ओरडणारी, गल्लीभर फिरणारी वस्तू तिनं निवडली. खोटं सांगताना माणूस फार लांब जात नाही, मनात असतं तेच तोंडात येतं. बायकांनीही ठराव करून टाकला, म्हणजे ऐकणारीला ते नवं वाटलं नाही. ताई हे आधी बोललेली आहे. कदाचित दोन वर्षांपासून बोलतेय. तिची पाळी आता कुठं आली होती, आणि नेमका तुझा फोन गेला.

तर तू असं कर. ठराव खोडायला लावू नकोस, खरा कर. गुरुवारी पैसे आले की आठवडी बाजाराच्या दिवशी ताईबरोबर जा. सुट्टी आहेच तुला. शेळीचे दात बघायचे असतात, कास बघायची असते, दाजींना त्यातलं कळत असेल तर त्यांनाही घे. तू दोरी धर. गावात शिरताना चार बायकांनी त्या शेळ्या बघितल्या पाहिजेत. करडं विकायला येईपर्यंत घरात पैसा यायचा नाही, म्हणून तोवरचे हप्ते तू भर. भरणारच होतास ना? पुढचे ताई बघून घेईल, शेळ्या तिच्या आहेत.

मित्रांना आजच सांग, येत नाही म्हणून. लेहचा रस्ता दर उन्हाळ्यात उघडतो. नोकरीत सुट्टी मिळत नाही असं सांगणाऱ्यांनी ती बहुधा मागितलेलीच नसते. पुढच्या जूनला तुझ्या पगारातून जा आणि पँगाँगचे हवे तितके फोटो लाव.

बाजाराच्याही आधी एक फोन. ताईला एवढंच विचार, 'शेळ्या खरंच घ्यायच्या होत्या का गं तुला?' नकोच असतील तर गुरुवारी तिनं बैठकीत उठून पैसे नको म्हणावं, पण तशी वेळ येईल असं मला वाटत नाही. ती आधी हसेल. काहीतरीच तुझं, म्हणेल. मग जेवलास का विचारेल, पुण्यात खोली मिळाली का विचारेल. लगेच फोन ठेवू नकोस.