गिझरसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालेल का?

दीडची वायर दिवे-पंख्यांच्या सर्किटसाठी ठेवावी. गिझरसाठी ती घेऊ नये, मग इलेक्ट्रिशियन कितीही खात्री देवो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो आणि ३००० वॅटचा सुमारे १३ अँपिअर. हा प्रवाह सलग बराच वेळ वाहत असल्याने आणि भिंतीतल्या पाइपमध्ये इतर वायरींच्या सोबतीने उष्णता बाहेर पडायला फारशी वाट नसल्याने किमान अडीच, तर मीटरबोर्डापासूनचे अंतर जास्त असल्यास चार चौरस मिलिमीटरची वायर घालणे योग्य ठरते.

मात्र नुसती जाड वायर घालून भागत नाही, कारण एमसीबीचे (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचचे) मुख्य काम उपकरणाचे नव्हे तर वायरीचे रक्षण करणे हे असते. अडीचच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला (हे सर्रास घडते), तर वायरीचे आवरण वितळू लागले तरी तो पडेलच असे नाही. तेथे १६ अँपिअरचा पुरेसा आहे. वायरीवर आयएस ६९४ (वायरींचे भारतीय मानक) आणि आयएसआय चिन्ह पाहावे. अर्थिंगची हिरवी वायर स्वतंत्र असावी आणि न्हाणीघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) जरूर बसवावा.