खारदुंग ला नक्की धावा, पण एफडी मोडून नको

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय 38, नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 72,000. पत्नी शिकवण्या घेते, त्याचे 15,000. गृहकर्जाचा हप्ता 24,000, घरखर्च आणि सातवीतल्या मुलीची शाळा मिळून 41,000, मुलीच्या कॉलेजसाठी एसआयपी 10,000. उरतात 12,000. बँकेत 3 लाखांची एफडी आहे. येत्या सप्टेंबरात लडाखची खारदुंग ला चॅलेंज ही 72 किलोमीटरची शर्यत धावायची आहे, खर्चाचा अंदाज 1,77,000. एफडी मोडू, पर्सनल लोन घेऊ, की एसआयपी थांबवू? पत्नीचा विरोध आहे.

नमस्कार. तुमचा हट्ट मला पटतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस पहाटे साडेचारला उठून पांडवलेणीच्या पायऱ्या चढतोय, तर त्यासाठी पैसा उभा करायलाच हवा. पण वहिनींचा विरोध शर्यतीला नसून घाईला असावा, असं तुमच्या पत्रावरून वाटतं, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. माझं मत: सप्टेंबर 2026 सोडा, सप्टेंबर 2027 धरा.

एफडीचं आधी बघू. हप्ता आणि घर मिळून महिन्याला 65,000 लागतातच. म्हणजे 3 लाखांत पाच महिनेसुद्धा निघत नाहीत. त्यातून 1,77,000 काढले तर 1,23,000 उरतात, जेमतेम दोन महिन्यांची सोय. मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळंच, पण ते किरकोळ आहे. खरी अडचण अशी की घरात मुख्य पगार एकच आणि शिकवण्या उन्हाळ्यात बंद.

बँकेच्या ॲपवर तुम्हाला दीड लाखाचं 'प्री-अप्रूव्ह्ड' कर्ज दिसतंय, 14 टक्के, दोन वर्षं. त्याचा हप्ता साधारण 7,200 बसतो आणि व्याजापोटी सुमारे 22,850 जातात. शर्यत संपल्यावरही वर्षभराहून जास्त हप्ते चालू राहतील. तयारीत गुडघा दुखावला आणि जाता आलं नाही, तरी हप्ता चुकत नाही. मुलीची एसआयपी तर विषयातच आणू नका, तिच्या कॉलेजला पाच वर्षं राहिली आहेत.

आता तुमची यादी. ती मी दोनदा वाचली, कारण नको तिथे सढळ आणि हवी तिथे तोकडी आहे. अल्टिट्यूड मास्क (उंचीवरच्या हवेचा सराव म्हणून तोंडावर लावतात तो) 8,000: काढून टाका. मास्कमुळे श्वास घ्यायला जोर लागतो, पण हवेतला ऑक्सिजनचा दाब नाशिकचाच राहतो, त्यामुळे शरीराला उंचीची सवय होत नाही. जॅकेट वगैरे 18,000: लेहमध्ये भाड्याने मिळतं, 4,000 धरा. बुटांचे दोन जोड 28,000, त्यातला एक ट्रेलचा, म्हणजे कच्च्या पायवाटेसाठीचा. ही शर्यत डोंगरातली असली तरी गाडीरस्त्यावरून होते, ट्रेल शूज कशाला? 14,000 पुरेत. ऑनलाइन कोच वर्षभर 36,000: शेवटचे सहा महिने घ्या, 18,000. एवढ्यात 54,000 वाचले.

लेहमधल्या 15 दिवसांच्या मुक्काम-जेवणाचे 40,000 मात्र एक रुपयाही कमी करू नका. तुम्ही विचारलंय, आठ दिवसांत भागेल का. नाही भागणार. नाशिक 600 मीटरवर, लेह 3,500 मीटरवर. शर्यत सुरू होते खारदुंग गावातून, सुमारे 4,000 मीटरवरून, 32 किलोमीटर चढून 5,300 मीटरच्या वर खिंडीत जाते आणि तिथून 40 किलोमीटर उतरून लेहला येते. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. आपल्याकडे अंजनेरी आहे, साल्हेर आहे, राज्यात सर्वांत उंच कळसूबाई आहे, पण तेही 1,646 मीटर. पाय इथे तयार होतील, रक्त आणि फुप्फुसं तिथेच जाऊन तयार करावी लागतात. घाई केली की फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत मजल जाते. आयोजकही धावपटूंना बरेच दिवस आधी लेहमध्ये बोलावतात, ते याचसाठी.

यादीत जे नाही ते आता. 14 कामाचे दिवस जाणार, रजा शिल्लक 9, म्हणजे 5 दिवस बिनपगारी: 12,000. हृदयाची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती तपासणी), हिमोग्लोबिन वगैरे तपासण्या आणि डॉक्टरांचा सल्ला: 6,000. लेहचं विमान हवामानामुळे रद्द होतं, म्हणून दोन जादा दिवस आणि तिकीटबदलासाठी 20,000. एकूण झाले 1,61,000.

ते असे जमवा. या मार्चपासून 5,000 ची एक वर्षाची आरडी (दरमहा भरायची ठेव) आणि 4,000 ची दीड वर्षाची आरडी. पहिलीतून 60,000 येतील, त्यात तिकिटं आणि प्रवेश शुल्क. दुसरीचे 72,000 लेहच्या मुक्कामाला. पहिली संपल्यावर मोकळे झालेले 5,000 सहा महिने कोच आणि तपासण्यांना, म्हणजे 30,000. बेरीज 1,62,000, व्याज सोडून. दरम्यान प्रवेशासाठी लागणारा अनुभव गाठीशी बांधा: डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याची अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत), जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. त्यात अंगाने साथ दिली नाही तर आरडी तुमचीच आहे, ती मुलीच्या नावावर वळवा.

उरलेल्या 3,000 मधून विमा. 21 लाखांचं गृहकर्ज आणि 5 लाखांची एकच एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी, हे शर्यत नसती तरी धोक्याचं होतं. एक कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, आत्ता घ्या. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. अर्जात साहसी छंदांचा प्रश्न असतो, तिथे खरं लिहा. लपवलं तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी दावा अडवू शकते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळांचं कलम शोधा. बहुतेक पॉलिसींत ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं असतं, तुम्ही हौशी आहात. अपघात विम्यात मात्र ही सूट गृहीत धरू नका, लेखी विचारून घ्या. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मिळतो का, हेही त्याच पत्रात विचारा.

शेवटचं, नाशिककरांपुरतं. 2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. दुसरं अमृतस्नान 31 ऑगस्टला, तिसरं 11 सप्टेंबरला, म्हणजे तुम्ही निघाल नेमक्या त्याच गर्दीत. नाशिकरोडहून दिल्लीची गाडी किंवा ओझरहून विमान, काहीही ऐनवेळी मिळणार नाही. 31 ऑगस्टच्या स्नानाच्या दोन-तीन दिवस आधी निघा आणि पहिली आरडी हातात आली की सर्वांत आधी हीच तिकिटं काढा. परतीचं दिल्ली-नाशिक तिकीट लेह-दिल्लीच्या दुसऱ्या दिवशीचं ठेवा.