वाचकांचे प्रश्न : प्रोलॅक्टिन ६२ म्हणजे मेंदूत गाठ?

प्रश्न : वय २९. चार महिने पाळी लांबते आहे, स्तन दाबला की दोन-चार थेंब दूध येतं. प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) ६२ आलंय. नात्यातल्या एक ताई म्हणतात, पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत गाठ असणार, आधी एमआरआय कर. बाकी त्रास नाही, फक्त ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे.

उत्तर : ताईंना सांगा, जरा थांबा. ती ॲसिडिटीच्या गोळीची स्ट्रिप आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलेलं दिसलं, तर बहुतेक उत्तर तिथेच आहे. नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असलेल्या गोळ्यांत बहुधा डोम्पेरिडोन असतं.

पीयूषिका वाटाण्याएवढी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातल्या खोबणीत बसलेली. तिच्या बहुतेक संप्रेरकांना वरून, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडून, ‘सोड’ असा हुकूम लागतो. प्रोलॅक्टिनचं उलटं. तिथूनच येणारं डोपामिन हे रसायन त्याला दिवसरात्र दाबून धरतं. वरची दोन्ही औषधं डोपामिनचं काम अडवतात, म्हणून प्रोलॅक्टिन मोकाट सुटतं. ते वाढलं की पाळी चालवणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं मंदावतात आणि पाळी लांबते.

पाळी चुकली आहे, तेव्हा पहिली चाचणी गरोदरपणाची. सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पीयूषिकेचं संप्रेरक) तपासा, कारण थायरॉइड कमी पडलं तरी प्रोलॅक्टिन चढतं. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बदला आणि किमान तीन दिवसांनी, जमल्यास आठवड्याने, पुन्हा रक्त द्या. (मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही हेच होतं, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत.) झोपेतून उठल्यावर दोनेक तास जाऊ द्या, लॅबमध्ये वीस मिनिटं शांत बसा. आणि दूध येतंय का, हे रोज दाबून बघणं आजपासून बंद. त्यानेही आकडा वाढतो!

स्त्रियांमध्ये साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक. २००च्या वर गेलं तर प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीची शक्यता मोठी. ६२ हा मधला आकडा. औषध बंद करूनही तो उतरला नाही आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर एमआरआय करायचाच. गाठ निघाली तरी बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही, कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. मात्र डोकेदुखीबरोबर बाजूचं दिसेनासं झालं, तर यातल्या कशाचीच वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आई ५१ वर्षांची. सतत थकवा, बीपी कमी. टीएसएच २.१, फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक) मात्र ०.५. लॅबवाले म्हणाले, टीएसएच नॉर्मल आहे. माझ्या जन्माच्या वेळी तिचं खूप रक्त गेलं होतं. अंगावर दूध आलं नाही, पाळीही परत आली नाही.

उत्तर : टी-४ इतकं खाली असताना टीएसएचने उसळायला हवं होतं. ते २.१वर शांत आहे, म्हणजे इथे तो आकडा नॉर्मल नाही. बिघाड पीयूषिकेतच असण्याची दाट शक्यता आहे. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते. त्यात बाळंतपणात फार रक्त गेलं, तर रक्तपुरवठा तुटून तिचा भाग मरतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध न येणं ही त्याची पहिली खूण, आणि नेमकी तीच वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही.

लगेच थायरॉक्सिन (टी-४ची गोळी) सुरू करू नका. पीयूषिका बिघडली की कॉर्टिसॉल हे ताण-आजार झेलायला लागणारं संप्रेरकही कमी पडू शकतं. आधी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि सोबत सोडियम तपासा. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिलं, तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर संपतं. उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून कॉर्टिसॉल कमी निघालं तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी), मग थायरॉक्सिन. पुढेही डोस फ्री टी-४ बघून ठरवायचा, टीएसएच बघून नाही. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा, हे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून (संप्रेरकांच्या डॉक्टरांकडून) लिहूनच घ्या आणि तो कागद आईच्या पर्समध्ये ठेवा.