ते वाक्य आधी मागे घ्या

प्रश्न : मुलगी सीए फायनल करते आहे. पहिला गट सुटला, दुसरा दोनदा राहिला. आता म्हणते, गुंतवणूकदारांना 'कॅटॅलिटिक कॅपिटल' शिकवणारी प्रशिक्षक व्हायचंय. त्यासाठी 5 लाखांचा परदेशी ऑनलाइन कोर्स हवाय. हा दानधर्म सीएनं कशाला करायचा? मी सांगितलंय, या वेळी नापास झालीस तर घरी येऊ नकोस. – एक वडील, लातूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यानं मला काळजी वाटली. गट दोनदा राहणं सीएत नवलाचं नाही. पण घराचं दार बंद होईल या धाकात बसलेली मुलगी येणारं उत्तरही चुकते आणि पुढचं अपयश तुमच्यापासून लपवते. तो शब्द आजच मागे घ्या. फोनवर नको, समोर बसून. "माझं चुकलं" एवढं म्हणा. परीक्षा ती देईलच.

आता दानधर्माचं. कॅटॅलिटिक कॅपिटल म्हणजे दान नव्हे; इतरांचा पैसा कामी लागावा म्हणून आधी स्वतः जोखीम घेणारं भांडवल. समजा, सोयाबीनवाल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना (शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपन्या) 10 कोटींचं कर्ज हवंय. 6-7 टक्के बुडतील या भीतीनं बँक फाइलच उघडत नाही. एखादी संस्था म्हणते, 1 कोटीपर्यंतचा पहिला तोटा माझा. याला फर्स्ट लॉस म्हणतात. 60 लाख थकले तर ते त्या कोटीतून जातात, 40 लाख संस्थेकडे उरतात आणि बँकेचे 10 कोटी कामी लागतात. परतफेडीची नोंद हाती आल्यावर पुढच्या खेपेला बँकेनं कमी हमीवर तयार व्हायला हवं. झाली नाही तर मांडणी फसली. हमी भरमसाट दिली तर वसुलीला कुणी फिरकत नाही. नॅबसंरक्षण या नाबार्डच्या हमी देणाऱ्या कंपनीच्या योजनेत 1 कोटीपर्यंतच्या कर्जाला 85 टक्के हमी मिळते, पण तिथं थकलेल्या प्रत्येक रुपयात बँकेचेही 15 पैसे जातात. फर्स्ट लॉसमध्ये सुरुवातीला बँकेचं काहीच जात नाही. हा फरक ज्याला कळत नाही, त्यानं कुणाला शिकवू नये.

सगळ्यात जास्त घोळ हप्त्यांत होतो. जूनला बियाणं-खतासाठी कर्ज उचललं आणि जुलैपासून दरमहा हप्ता लावला, तर धडधाकट कंपनीही ऑगस्टमध्ये थकबाकीदार ठरते. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरनंतर येतो. मग हमीचे पैसे निव्वळ चुकीच्या तारखेपायी संपतात.

म्हणून कोर्सला माझा स्पष्ट नकार. कर्जाची एकही फाइल न हाताळलेल्या प्रशिक्षकाचं गुंतवणूकदार ऐकणार नाहीत. उत्पादक कंपन्यांना कर्ज देणाऱ्या एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्तसंस्थेत) क्रेडिट म्हणजे कर्ज विभागात तिनं अर्ज करावा. सीए इंटर आणि आर्टिकलशिप म्हणजे सीएकडची उमेदवारी, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. तीन वर्षं छाननी, गोदामभेटी, वसुली. प्रशिक्षणाचा विचार त्यानंतर.

या रविवारी तिला घेऊन जवळच्या एखाद्या उत्पादक कंपनीत जा. गेल्या दोन हंगामांचा महिनावार जमाखर्च मागा. हप्ता कोणत्या महिन्यात ठेवायचा, ते तिला मांडू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि मध्ये बोलू नका.