शुक्रावरचा दिवस किती मोठा?

प्रश्न : शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, असे वाचनात आले. सूर्याभोवतीची फेरी पुरी होईपर्यंत तेथे सूर्य एकदाही मावळत नाही, असे समजावे काय?

उत्तर : तसे समजता येणार नाही. ‘दिवस’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि घोटाळा तेथेच होतो. ताऱ्यांच्या संदर्भात ग्रहाची स्वतःभोवतीची एक गिरकी पुरी होण्याचा काळ म्हणजे नाक्षत्र दिवस. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ म्हणजे सौर दिवस. पृथ्वीवर या दोहोंत जेमतेम चार मिनिटांचा फरक पडतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही.

टेबलावर दिवा ठेवून, तोंड सतत एकाच भिंतीकडे राहील अशा बेताने त्याभोवती एक फेरी मारून पाहावी. आपण स्वतःभोवती जराही वळलेलो नसतो, तरी दिवा एकदा समोर येतो आणि एकदा पाठीशी जातो. म्हणजे एक दिवस व एक रात्र नुसत्या फेरीनेच घडते. शुक्राला अशी फेरी मारण्यास सुमारे २२५ दिवस लागतात आणि गिरकीला २४३. आपण वाचलेले विधान या गिरकीपुरते खरे आहे. मात्र शुक्र बहुतेक ग्रहांच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरत असल्यामुळे गिरकीचा परिणाम फेरीच्या परिणामात मिळवला जातो आणि सूर्य सुमारे ११७ दिवसांतच पुन्हा उगवतो, तोही पश्चिमेला. अर्थात, ढगांच्या जाड आवरणामुळे जमिनीवरून सूर्यबिंब दिसणार नाही.

आपले वाक्य सौर दिवसाच्या अर्थाने लागू पडते ते बुधाला, आणि मला हा ग्रह या बाबतीत अधिक विलक्षण वाटतो. बुध सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९६५ मध्ये रडारच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांतून त्याची गिरकी सुमारे ५९ दिवसांची असल्याचे कळले. फेरी ८८ दिवसांची आणि गिरकी फेरीच्याच दिशेने असल्यामुळे येथे परिणाम वजा होतो, आणि दोन सूर्योदयांमध्ये १७६ दिवस, म्हणजे बुधाची नेमकी दोन वर्षे जातात. उष्णता धरून ठेवणारे वातावरण नसल्यामुळे या प्रदीर्घ दिवसात तेथील जमीन सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तितक्याच प्रदीर्घ रात्री उणे १८० अंशांपर्यंत थंड होते. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडच्या दाट वातावरणामुळे दिवसा आणि रात्री तापमान जवळजवळ सारखेच, सुमारे ४६५ अंश असते.