वाचक विचारतात : एल आंबट का लागली?

मुलगी लीड्सला शिकते. जुलैत आम्ही गेलो तेव्हा तिने विद्यापीठाजवळच्या, विद्यार्थ्यांनी भरणाऱ्या एका पबमध्ये हातपंपाची एल, म्हणजे एका जातीची बिअर, पाजली. कोमट होती, बुडबुडे जवळजवळ नव्हते आणि शेवटी जिभेवर आंबटपणा राहिला. घरी येऊन त्या पबबद्दलची लोकांची मतं वाचली. काही जण म्हणतात, शहरातली सर्वांत चांगली एल इथेच मिळते. काही म्हणतात, व्हिनेगर. खरं कोण बोलतंय? – दादर

दोघंही खरं बोलत असतील, फक्त महिने वेगळे असतील.

हातपंपाची एल म्हणजे पिंपातली जिवंत बिअर. ती गाळून किंवा तापवून निर्जंतुक केलेली नसते. पिंप पबच्या तळघरात पोचल्यावरही आतलं यीस्ट काम करत असतं आणि जो काही वायू बिअरमध्ये असतो तो त्यानेच केलेला असतो. बाहेरून कार्बन डायऑक्साइड दाबून भरत नाहीत. म्हणून ती आपल्या बाटलीसारखी चरचरत नाही. ती देण्याचं योग्य तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस. मुंबईत 4 अंशांच्या बिअरची सवय असलेल्या जिभेला ते कोमट वाटणारच. तेव्हा तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन हा त्या बिअरचा स्वभाव आहे. तिसरी तक्रार मात्र अगदी रास्त आहे.

आंबटपणा कुठून आला ते पाहा. सगळ्यात जास्त वापरात असलेलं पिंप म्हणजे फर्किन. त्यात 9 गॅलन, म्हणजे साधारण 41 लिटर, म्हणजे 72 पिंट बिअर मावते. पंप ओढला की जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा पिंपात शिरते. हवेतल्या ऑक्सिजनवर ॲसेटिक आम्ल करणारे जिवाणू पोसतात, म्हणजे व्हिनेगर व्हायला सुरुवात होते. म्हणून नळ ठोकून पिंप चालू केलं की ते साधारण तीन दिवसांत संपायला हवं. ऑक्टोबरात कॉलेजं भरलेली असतात, तेव्हा 72 पिंट एका संध्याकाळीही उडतात. जूनमध्ये परीक्षा आटोपून मुलं घरी गेली की तेच पिंप पाच-सहा दिवस रेंगाळतं. नाताळच्या सुट्टीतही तेच होतं. विद्यार्थ्यांच्या पबचा हा मोठा कच्चा दुवा आहे. जो मालक सुट्टी लागली की सहा पंपांपैकी चार बंद करतो त्याची एल जुलैतही चांगली लागते. जो सहाच्या सहा चालू ठेवतो त्याच्याबद्दल लोक ‘व्हिनेगर’ असं लिहितात. तेव्हा अशा पबबद्दलचं मत वाचताना आधी तारीख बघायची.

आणखी एक दोष तळघरातल्या हलगर्जीपणाचा. पिंपाच्या वरच्या भोकात लाकडी खुंटी असते. बिअर फसफसत असताना सच्छिद्र मऊ खुंटी लावतात, वायू हळूहळू निघून जावा म्हणून. रात्री पब बंद करताना तिच्या जागी घट्ट लाकडाची कडक खुंटी ठोकायची असते, उरलेला वायू आत राहावा म्हणून. ती ठोकायला कोणी विसरलं तर दुसऱ्या दिवशी एल खरोखरच मेलेली येते. चव बिघडलेली नसते, पण तोंडात ती पाण्यासारखी पसरते.

पुढच्या खेपेला असं करा. ऑर्डर काउंटरवर जाऊनच द्यायची असते, तेव्हा तिथेच ‘सर्वांत जास्त कुठली जाते?’ असं विचारा आणि तीच घ्या. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती एल संपली आहे. पूर्ण पिंट 568 मिलिलिटरचा असतो. चव बघायला अर्धा किंवा एक तृतीयांश पिंट मागता येतो आणि घोटभर नमुना बहुतेक ठिकाणी फुकट देतात. आंबट निघालीच तर दोन घोटांतच परत न्या. बरा पब बिनातक्रार बदलून देतो. अर्धा ग्लास रिकामा करून तक्रार नेली तर कोणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

अंधेरीतल्या एका टॅपरूमबद्दल (ताजी बिअर थेट नळातून देणारं ठिकाण) मित्रांची मतं इतकी उलटसुलट आहेत की जावं की नाही कळत नाही. ‘पाणचट’, ‘केळ्याचा वास येतो’, ‘गढूळ’, ‘औषधासारखी’, आणि त्याच ठिकाणाला पाचपैकी पाच तारे! – विलेपार्ले

तारे मोजू नका. कोणती बिअर, कधी आणि काय लागली हे तिन्ही ज्या मतात आहे तेवढंच कामाचं. तुम्ही पाठवलेले चारही शेरे एकेक करून बघू.

‘केळ्याचा वास’ आणि ‘औषधासारखी’ हे जवळजवळ नक्कीच गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या एलबद्दल, म्हणजे हेफेवायझनबद्दल आहे. तिचं यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं. मिठाईत घालतात त्या केळ्याच्या इसेन्समध्येही हाच पदार्थ असतो. तेच यीस्ट लवंगेच्या वासाचा दुसरा पदार्थही करतं आणि लवंग म्हटली की आपल्याला दाताचं औषध आठवतं. दोन्ही वास तिथे हवेतच. ‘गढूळ’ हेही याच बिअरचं लक्षण. गव्हातली प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट यामुळे ती ताकासारखी धूसर दिसते. मात्र पिल्सनर किंवा लागर या एरवी नितळ असणाऱ्या बिअर धूसर आल्या तर विचारायला हवं.

‘पाणचट’ लिहिणारा बहुधा 7-8 टक्के अल्कोहोलची स्ट्राँग बिअर पिणारा असतो. त्याला 4.5 टक्क्यांची एल पातळ लागली तर दोष सवयीचा. पण त्याच एलबद्दल तिघा-चौघांनी वेगवेगळ्या आठवड्यांत ‘पाणचट’ लिहिलं असेल तर वायू गेलेला असण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या उकाड्यात हे सहज होतं. केग, म्हणजे बिअरचं धातूचं बंद पिंप, गाडीतून येताना तापतो, हिंदकळतो. तो पुरता थंड व्हायच्या आत नळाला जोडला की पहिले ग्लास नुसत्या फेसाचे निघतात. कामगार फेस ओतून टाकत बसतो, वायू फेसाबरोबर निघून जातो आणि मागाहून येणारी बिअर सपाट लागते. केगला शीतगृहात पुरी रात्र द्यावी लागते. म्हणून शनिवारी रात्री दहाला, गर्दीत घाईने जोडलेल्या केगवरून कुठल्याही टॅपरूमची परीक्षा करू नये, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी जावं.

ग्लासही बघा. बिअरखाली काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे किंवा त्यावर साबण राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे फक्त वर जातात आणि प्रत्येक घोटागणिक फेसाचं एकेक कडं काचेवर उरतं. चखण्याच्या तेलकट बोटांनी ग्लासाची कड धरली तरी फेस मरतो, तेव्हा बोल लावण्याआधी आपले हात पुसावेत. ओतणाऱ्याने ग्लास आधी 45 अंश तिरका धरून शेवटी सरळ करायला हवा. वर दोन ते तीन सेंटिमीटर फेस राहिला तर ती फसवणूक नव्हे, बिअरचा वास त्या फेसातूनच नाकापर्यंत येतो. आपल्याकडे ‘वरपर्यंत भरा’ म्हणून हट्ट धरणारे स्वतःचंच नुकसान करतात.

महाराष्ट्रात ताज्या बिअरची चाल पुण्यात 2009 साली डूलाली या स्वतः बिअर बनवणाऱ्या पबने पाडली. मुंबईत ती काही वर्षांनी आली. पिणाऱ्यांची जीभ अजून तयार होते आहे, म्हणून मतं अशी टोकाची येतात. नवख्याचं मत टाकून देऊ नका, फक्त त्याने काय चाखलं हे ओळखायला शिका.

कॉलेजजवळच्या पबमधली पेल एल लोणी लावल्यासारखी लागते, पॉपकॉर्नसारखा वास. बारटेंडर म्हणाला, ‘रेसिपीच तशी आहे.’ पटत नाही. – माटुंगा

पटू नये असंच उत्तर आहे ते. हा वास डायासिटिल नावाच्या पदार्थाचा. त्याची दोन कारणं असतात. एक, बिअर आंबवताना यीस्टला शेवटचा वेळ दिला नाही. यीस्ट आधी डायासिटिल तयार करतं आणि थोडं उबदार ठेवलं तर दोन-तीन दिवसांत स्वतःच ते खाऊन टाकतं. टाकी लवकर थंड केली की लोणी आतच राहतं. दुसरं कारण म्हणजे नळाची घाण. केगपासून नळापर्यंतच्या प्लास्टिकच्या नळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि तेही डायासिटिल करतात, सोबत आंबटपणाही.

कुठलं कारण ते घरबसल्या सांगता येत नाही, पण पबमध्ये बसून शोधता येतं. शेजारच्या दुसऱ्या नळाची वेगळी एल घोटभर मागा. तिलाही लोण्याचा वास असेल तर नळ्या धुतलेल्या नाहीत. नसेल, तर त्या एका बिअरची तुकडी घाईत काढलेली आहे किंवा तेवढी एकच नळी दूषित आहे. मग एक दिवस दुपारी पब उघडताच जा आणि नंतर एक दिवस रात्री. दुपारचा पहिला ग्लास रात्रभर नळीत साचलेल्या बिअरचा असतो. तो जास्त वाईट लागला तर दोष नळीचाच.

नळ्या दर 14 दिवसांनी सुमारे 2 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, ते निदान 15 मिनिटं फिरवत ठेवून धुवायच्या असतात. नळाची तोटी सुटी करून ब्रशने घासायची, आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लाने आत साचलेला क्षारांचा थर काढायचा. ‘नळ्या शेवटच्या कधी धुतल्या?’ एवढं विचारा. चांगल्या ठिकाणी मॅनेजर तारीख सांगतो, कित्येकदा वही दाखवतो. ‘रोज गरम पाणी सोडतो’ हे उत्तर आलं तर बाटली मागवा. पाण्याने तो थर सुटत नाही.

मी 22 वर्षांचा. मित्र म्हणतात बिअर चालते, पण एका ठिकाणी मला आयपीए (इंडिया पेल एल) नाकारली. स्कूटर असते, म्हणून मी एकच ग्लास घेतो. – ठाणे

त्यांनी नाकारली ते बरोबर केलं. राज्यात सौम्य बिअर आणि वाइन 21 वर्षांनंतर, बाकी दारू 25 नंतर. सौम्य म्हणजे 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. आयपीए बहुधा 6 ते 7 टक्क्यांची असते. फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे टक्के लिहिलेले असतात, तुमच्यासाठी 5 ही रेघ. वयाचा पुरावा जवळ ठेवा. शिवाय पिण्याचा परवाना लागतोच, तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो.

आता स्कूटर. ‘एकच ग्लास’ या मोजमापावर विसंबू नका. 330 मिलिलिटर, 5 टक्के म्हणजे सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल. अर्ध्या लिटरचा ग्लास 6.5 टक्क्यांचा असेल तर सुमारे 26 ग्रॅम, बरोबर दुप्पट. रिकाम्या पोटी 60 किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने 100 मिलिलिटरमागे साधारण 60 मिलिग्रॅम होतात. कायद्याची मर्यादा 30 आहे आणि शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच उतरवतं. मर्यादा ओलांडलेली सापडली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिंबूपाणी किंवा कॉफी पिऊन यातलं काही उतरत नाही. स्कूटर घरी ठेवून लोकलने या.

इंडिया पेल एल खरंच बोटीने मुंबईला यायची का? तिच्यासोबत काय खावं? – गिरगाव

यायची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून येणाऱ्या जहाजांतून, काही महिन्यांच्या प्रवासाने. गरम मुलखात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे तिला कडूपणा देणारी फुलं, जास्त घालायची ही समज अठराव्या शतकातच होती. मात्र ‘टिकावी म्हणून मुद्दाम फार जास्त अल्कोहोलची केली’ हे खरं नाही. त्याच जहाजांतून काळी पोर्टरही इकडे येत होती आणि तीही टिकायची. खाण्याचं म्हणाल तर आयपीएचा कडूपणा तिखटाची आग वाढवतो, तेव्हा ठेच्यासोबत ती नको. बोंबील फ्राय, रवा लावलेली सुरमई यांच्यासोबत गव्हाची एल. सुक्या मटणासोबत स्टाउट ही काळी एल घेऊन बघा.

आमच्याकडे शुद्ध शाकाहार. मुलगा इंग्लंडला शिकायला चाललाय, तिथे पबमध्ये जाईलच. एलमध्ये मासा असतो म्हणतात, ते खरं का? – मुलुंड

पिंपातल्या पुष्कळ एलच्या बाबतीत खरं आहे. यीस्ट लवकर तळाशी बसावं म्हणून आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघरकडे घोळ माशाच्या ज्या ‘बोता’ला सोन्याचा भाव येतो, तोच हा अवयव. ते गाळाबरोबर खाली बसतं आणि ग्लासात फार तर अंशमात्र उतरतं. पण तत्त्वाचा प्रश्न असेल तर अंशही नको, हे समजण्यासारखं आहे. मुलाला ‘अनफाइन्ड’, म्हणजे आयसिंग्लाससारखं काही न घातलेली, हा शब्द पाठ करायला सांगा. अशी एल धूसर दिसते, पंपावरच्या पाटीवर बहुधा तसं लिहिलेलं असतं. ‘व्हीगन’ लिहिलेली असेल तर प्रश्नच नाही. पाटीवर काही नसेल तर काउंटरवर विचारायचं. ते तळघरात जाऊन पिंपावरची चिठ्ठी वाचून सांगतात.