पिकअपच्या हौद्यात ठेवलेला कॅम्पर डोलतो. एअरबॅग बसवल्याने ते थांबेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, डबल-कॅब (दोन रांगांच्या केबिनच्या) पिकअपच्या हौद्यात काढघालीचा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची खोली, बसवल्यापासून समृद्धी महामार्गावर शेजारून ट्रक गेला की गाडी हेलकावते, गतिरोधक तिरका ओलांडला की तीन-चार वेळा डोलते आणि मेकॅनिक मागे एअरबॅग, म्हणजे आस आणि चेसिस यांच्यामध्ये बसणारी हवेची रबरी पिशवी, बसवायला सांगत आहे. मी नागपुरातच राहतो आणि गेली काही वर्षे अशीच गाडी चालवतो. माझे मत असे की, एअरबॅगचा खर्च तूर्त करू नये. एअरबॅग खाली बसलेली शेपटी वर उचलते. डोलणे हा निराळा दोष आहे आणि तो नेमका कोठे उपजतो हे आधी पाहायला हवे.

ते पाहायला एक पैसाही लागत नाही. गाडी सपाट जागी हँडब्रेक ओढून उभी करा, एका मित्राला कॅम्परच्या वरच्या कोपऱ्याला धरून झोपाळ्याला झोका देतात तसे लयीत ढकलायला सांगा आणि आपण मागच्या चाकापाशी उकिडवे बसून मोबाइलवर चित्रण करा. माझ्या चित्रणात तीन गोष्टी एकाच वेळी दिसल्या: टायरची बाजू दर झोक्याला फुगत आणि पुन्हा सरळ होत होती, कमानीतला (म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधला) सर्वांत खालचा जाड पट्टा वरच्या पट्ट्यांना टेकतच नव्हता, दोहोंत बोटभर फट होती, आणि कॅम्परचा तळ हौद्याच्या पत्र्यावर अर्धा इंच इकडून तिकडे सरकत होता. खाली एवढीशी वाटणारी ही हालचाल कॅम्परच्या छतापर्यंत पोहोचेतो वीतभर होते, कारण वजन उंचावर असते.

त्यानंतर वजनकाटा. वाडीच्या बाजूला अमरावती मार्गावर ट्रकवाल्यांसाठी काटे आहेत, तेथे पूर्ण गाडीचे वजन घ्याच, पण फक्त पुढची चाके काट्यावर ठेवूनही एक वजन घ्या आणि हेच कॅम्पर उतरवूनही करा. कॅम्पर चढवल्यावर पुढच्या चाकांवरचे वजन वाढण्याऐवजी घटले असेल, तर त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या मागे गेला आहे, यात शंका उरत नाही. डबल-कॅब गाडीचा हौदा जेमतेम पाच फुटांचा असल्याने कॅम्पर मागे लोंबतो आणि आपल्याकडे ही चूक सहज होते. माझ्या गाडीत पुढचे वजन रिकाम्या गाडीपेक्षा 35 किलोंनी कमी भरले होते, कारण कॅम्पर बांधणाऱ्या कारागिराने 60 लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी आणि अवजारांची पेटी असा सुमारे 120 किलोंचा ऐवज मागच्या दाराखाली ठेवला होता. तो सगळा दीड मीटर पुढे, केबिनच्या भिंतीशी आणल्यावर तेच वजन रिकाम्या गाडीपेक्षा 20 किलोंनी जास्त भरले आणि स्टिअरिंगला हरवलेला जडपणा परत आला. एकूण वजन आरसीवरील कमाल वजनाच्या पुढे जात असेल, तर मात्र सामान कमी करणे हाच उपाय आहे. कमान कितीही भक्कम केली तरी ती मर्यादा वाढत नाही.

कॅम्पर हौद्यात सरकत असेल तर खाली जाड रबरी चटई अंथरावी आणि चारही कोपरे टर्नबकलने (फिरवून आवळायच्या ताणस्क्रूने) ताणावेत, पुढचे पुढे आणि मागचे मागे ओढले जातील अशा कोनात. हे ताण शक्यतो चेसिसला बांधावेत. हौद्याचा पत्रा त्या ओढीने फाटतो. पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळावेत.

टायरच्या बाबतीत हवेआधी त्याच्या बाजूवरचा भारांक वाचा. 112 भारांकाचा टायर 1120 किलोंचा भार घेतो, तर 121 भारांकाचा 1450 किलोंचा, आणि अशा माल वाहणाऱ्या टायरची बाजूही ताठ असते. जुन्याच टायरवर राहायचे असेल तर दाराच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी भरा. आपल्या मे महिन्यात ती दुपारपर्यंत वाढलेली दिसेल, कारण तापमान 5-6 अंशांनी चढले की दाब साधारण 1 पीएसआयने चढतो. तो पाहून हवा सोडू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावेल आणि डोलणे पुन्हा वाढेल.

मला सर्वांत जास्त गुण आला तो कमानीतल्या त्या फटीवर केलेल्या उपायाने. खालचा जाड पट्टा गाडी बरीच दबल्यावरच कामाला लागतो. तोवर गाडी एका कुशीवर कलते तेव्हा तो नुसता बघत राहतो. त्या फटीत दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, पॉलियुरेथेनचे घट्ट बसणारे ठोकळे बसवले की गाडी कलू लागताक्षणी तो पट्टा भार घेतो. कॅम्पर उतरवल्यावर हे ठोकळे काढता येतात, त्यामुळे एरवी गाडी धक्के देत नाही. जादा पट्टा चढवला तर तो धक्का रोजचाच होतो. कमानीच्या दुकानात कोणी पट्ट्याला वेल्डिंग करू म्हणाले तर स्पष्ट नकार द्या. तापलेल्या जागी पट्ट्याचे पाणी उतरते आणि तो नेमका तेथेच तुटतो. चेसिसला काही कायमचे जोडायचे असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण आरसीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार करता येत नाही.

एवढे करून घाटात, म्हणजे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना, गाडी वळणावर फार कलत असेल, तर मागच्या आसाला अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी पोलादी दांडी, बसवण्याचा विचार करावा. दोन्ही चाके एकदम उचलली तर तो काही करत नाही. एक वर आणि एक खाली झाले की पिळला जाऊन विरोध करतो. त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून 22 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटरचा बार सुमारे 1.67 पट कडक असतो. मात्र मागे फार कडक बार बसवला तर ओल्या वळणावर शेपटी सुटू शकते, तेव्हा मध्यम जाडीचा निवडावा. गतिरोधकानंतर तीन-चार वेळा डोलणे ही तर थकलेल्या शॉकअपची खूण आहे. शॉकअप कलणे थांबवत नाही, पण सुरू झालेले डोलणे लवकर विझवतो. आपल्या वर्णनावरून ते मी लवकर तपासून घेईन.

आता एअरबॅग. वजन नीट मांडून, फट भरूनही गाडीची शेपटी खाली राहत असेल तर ती अवश्य बसवावी. परंतु दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि हवा भरण्याच्या जागा वेगवेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरा. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलते. समृद्धीवर मी अजूनही ताशी 80 किलोमीटरच्या वर जात नाही. ट्रक शेजारी येताना त्याची हवा गाडीला आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते, तेव्हा स्टिअरिंग झटक्याने न वळवता स्थिर धरतो. पाण्याची टाकीही अर्धी भरून निघत नाही, कारण अर्ध्या टाकीतले पाणी गाडी कलते त्याच बाजूला धावते. एकतर ती काठोकाठ भरतो किंवा रिकामी नेऊन मुक्कामी पोहोचल्यावर भरतो.